अवकाळीतला काळ

सहामाहीच्या पेपरात मी एक प्रश्न घातला होता : हवामान बदल म्हणजे काय, उदाहरण देऊन लिहा. सातवीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, "सकाळी कडक ऊन होतं. मधल्या सुट्टीत आभाळ भरून आलं आणि शाळा सुटताना पाऊस पडला. याला हवामान बदल म्हणतात." गुण कापायला माझा हात होईना. तिची समजूत चुकली होती हे खरं, पण भाषा तिने बरोबर वापरली होती. रोजच्या पेपरात 'आजचे हवामान' या चौकटीत काय असतं? आजचं ऊन, आजचा पाऊस, आजचा वारा. ते सकाळचं दुपारी बदललं, तर हवामान बदललं असंच म्हणायचं ना?

भूगोलाच्या पुस्तकाने यावर उपाय शोधला आहे. पुस्तक म्हणतं, थोड्या वेळापुरती वातावरणाची जी स्थिती असते ती 'हवा', आणि वर्षानुवर्षांच्या निरीक्षणावरून काढलेली सरासरी स्थिती ते 'हवामान'. व्याख्या नेटकी आहे, मुलं ती पाठ करतात आणि वर्गाबाहेर पडताच विसरतात, कारण बाहेर कुणी तसं बोलत नाही. "आज हवा ढगाळ आहे" असं घरात कोण म्हणतं? घरात म्हणतात, "आज मळभ आहे." फार तर, "आज वातावरण ढगाळ आहे." घरी हवा असते ती सायकलच्या चाकात भरायची, पंख्याची, नाहीतर निवडणुकीत एखाद्या उमेदवाराची. आणि ज्याला पुस्तक 'हवा' म्हणतं, त्याचा अंदाज सांगणारं सरकारी खातं मात्र स्वतःला हवामान विभाग म्हणवतं. मुलाने कुणाचं ऐकायचं?

शब्दांच्या घरी जाऊन पाहिलं तर गोंधळाचं मूळ सापडतं. 'हवा' अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि इतका मुरला की तो परका वाटतच नाही. 'मान' संस्कृत, 'मा' म्हणजे मोजणे या धातूपासूनचा. तापमान, पर्जन्यमान, दिनमान यांतला तोच हा 'मान'. म्हणजे हवामान या शब्दाचा सरळ अर्थ झाला हवेचं माप. माप आजचं घ्यायचं की तीस वर्षांचं, हे शब्द सांगत नाही. तो दोन्हीकडे चालतो, म्हणून दोन्हीकडे चालवला गेला.

गंमत अशी की दीर्घ मुदतीच्या हवामानाला मराठीत एक जुना, घरगुती शब्द होता : हवापाणी. "मुलीला सासरचं हवापाणी मानवलं", "बदली झाली, पण तिकडचं हवापाणी सोसेना." यात आजच्या पावसाचा काही संबंध नाही. त्या जागेचा कायमचा स्वभाव यात आहे, आणि तो माणसाच्या अंगाला लागतो हेही आहे. फारसीत याला आब-ओ-हवा म्हणतात. आब म्हणजे पाणी. हिंदीतलं 'जलवायु' हे त्याच जोडीचं संस्कृत रूप. आपण हवापाणी प्रकृतीच्या गप्पांपुरतं ठेवलं आणि शास्त्राच्या दारात त्याला येऊ दिलं नाही. याची मला खंत वाटते. 'हवापाणी बदलतंय' असं म्हटलं असतं, तर त्या मुलीने मधल्या सुट्टीतलं आभाळ उदाहरण म्हणून कधीच दिलं नसतं.

सरकारी भाषेने आणखी वेगळी वाट धरली : राज्य सरकारच्या पर्यावरण खात्याच्या नावात २०२० साली 'वातावरणीय बदल' हे शब्द आले. वात म्हणजे वारा, त्याचं आवरण ते वातावरण. वर्गात हा शब्द मला एका कारणासाठी फार उपयोगी पडतो. आवरण म्हणजे पांघरूण, हे मुलांना लगेच कळतं. कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ते ४२० च्या वर गेले आहेत. जमिनीतून वर जाणारी ऊब हा वायू अडवून धरतो. गोधडीला दर वर्षी आणखी एक पदर शिवला तर आत काय होईल, एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. उत्तर मुलंच देतात.

'क्लायमेट' या शब्दाची कथाही मी वर्गात सांगतो. तो मूळचा ग्रीक : क्लिमा, म्हणजे उतार, कल. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जावं तसा सूर्य अधिकाधिक तिरका होत जातो, तेव्हा कुठला प्रदेश किती उतारावर आहे त्यावरून तिथली थंडी-उष्णता ठरते, अशी ग्रीक भूगोलकारांची मांडणी होती. सर्वांत मोठा दिवस किती तासांचा, यावरून त्यांनी पृथ्वीचे पट्टे पाडले आणि त्या पट्ट्यांना क्लिमा म्हटलं. टेकणे, कलणे या अर्थाच्या त्याच धातूपासून क्लिनिकही आलं, कारण आजारी माणूस ज्यावर टेकतो त्या खाटेशी त्याचं नातं. मराठीतही दुपार कलते, तराजू कलतो, मतमोजणीचे कल येतात. ग्रीक क्लिमा आणि मराठी कल यांचं कूळ एक आहे असं मी म्हणत नाही, पण अर्थ इतका जवळचा आहे की तो सोडवत नाही.

आणि उतार पाहायला ग्रीसला जायची गरज नाही. कोकणातल्या घराचं छप्पर पाहावं. कौलं दोन्ही बाजूंनी चांगली उतरती, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून वळचण पुढे काढलेली. तिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. घाट चढून माणदेशात यावं, तर पाऊस पाचशेच्या आसपास आणि जुनी घरं धाब्याची : मातीचं सपाट छत, त्यावर शेंगा वाळत घातलेल्या. एखादं वर्ष कोकणात कोरडं गेलं म्हणून कुणी छप्पर सपाट करत नाही. आज छत्री न्यावी की नाही हे आजचं आभाळ सांगतं, छप्पर किती उतरतं ठेवावं हे पिढ्यांचा अनुभव सांगतो. वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचे उतार मुलांकडून वहीत काढून घेतले, की धड्यातला अर्धा भाग शिकवून झालेला असतो.

मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की आपण चुकीच्या घरी शोधतोय. दीर्घ मुदतीच्या हवामानाचे मराठी शब्द हवेच्या कुळात नाहीतच, ते काळाच्या कुळात आहेत. उन्हाळा म्हणजे उष्णकाल, हिवाळा म्हणजे हिमकाल. पावसाळ्यात प्रावृष् आहे, संस्कृतातला पावसाचा ऋतू. त्याचं प्राकृतात पाउस झालं आणि मराठीत पाऊस. म्हणजे ऋतूचं नाव खाली उतरून थेंबांना मिळालं, आणि मग ऋतूसाठी त्याला पुन्हा काळ जोडावा लागला : पावसाळा. तिन्ही शब्दांच्या शेवटचा 'आळा' हा काळच, झिजलेला. दुष्काळ आणि सुकाळ त्याच घरचे. आपल्या लोकांनी आभाळाचा स्वभाव हवेत बघितला नाही, वेळेत बघितला.

अरबी 'मौसिम'चंही तेच. ठरलेली वेळ, हंगाम हा त्याचा अर्थ. अरबी समुद्रातल्या खलाशांना वाऱ्याची ठरलेली वेळ कळणं म्हणजे जीव वाचणं. पोर्तुगीजांनी त्याचं 'मोन्साँव' केलं, इंग्रजांनी 'मान्सून', आणि तो शब्द जग फिरून आपल्याकडे परत आला. तोवर मोसम आपल्याकडे आंब्याच्या मोसमापासून लग्नाच्या मोसमापर्यंत स्थिरावला होता. हिंदीत 'मौसम' म्हणजे आजची हवा; मराठीने मात्र त्यातली मुदत जपली.

या काळाच्या कुळातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शब्द म्हणजे अवकाळी. हा शब्द उच्चारायचा तर पाऊस आज पडला, एवढं माहीत असून भागत नाही. तो एरवी कधी पडतो हे आधी ठाऊक असावं लागतं. एका दिवसाची घटना वर्षानुवर्षांच्या अनुभवाला लावून पाहायची, आणि ती बसत नाही असा निवाडा द्यायचा, एवढं काम हा चार अक्षरी शब्द करतो. हवा आणि हवामान यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला मिळालेलं नाही.

म्हणूनच त्याचा हल्ली जो वापर चालला आहे त्याने मन दुखतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी उकडून येतं, चारच्या सुमाराला पूर्वेकडे ढग चढतात, वावटळ उठते, गडगडाट होतो आणि टपोऱ्या थेंबांचा पाऊस अर्धा-पाऊण तास झोडपून निघून जातो. मातीचा वास मागे राहतो. याचं नाव वळीव. तो वेळेवरच येतो, ती त्याचीच वेळ. शेतकरी त्यावर नांगरट उरकतो. आता बातम्यांत यालाही सरसकट 'अवकाळीचा तडाखा' म्हणतात. वळिवाने कैऱ्या पडतात, पत्रे उडतात, नुकसान होतं, हे खोटं नाही. पण जानेवारी-फेब्रुवारीत हरभऱ्यावर पडलेली गार आणि मे महिन्यातला वळीव यांना एकच नाव दिलं, की खरोखर काळ कुठे चुकला हे सांगायला शब्दच उरत नाही. माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांपैकी सहा-सात मुलांनाच वळीव हा शब्द माहीत होता.

सरासरीचंही सांगायला हवं. पावसाळ्याच्या तोंडाशी वर्गात एक मुलगा ओरडला, "सर, सर आली!" सगळे हसले, मीही हसलो, आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले : सर, सरासरी. दिसायला भावंडं, पण नातं नाही. पावसाची सर आपली. सरासरीतला 'सर' फारसी, म्हणजे डोकं, टोक; सरदार, सरपंच यांतला. 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळं धरून, काही न वगळता, ती सरासरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. ती सर होती, भयानक सर. देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस ८७ सेंटिमीटर, ही १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची सरासरी. एका सरीवरून हवामान बदल सिद्ध होत नाही आणि एका कोरड्या वर्षावरून खोटाही ठरत नाही. सरासरी हलली का, हे पाहावं लागतं. मुलांनी हे सगळं दोन शब्दांवरून धरलं.

सरासरी हलते तेव्हा तारखाही हलतात. हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या नेहमीच्या तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईत तो येण्याची तारीख १० जूनवरून ११ जून झाली, एकाच दिवसाचा फरक. परतण्याची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. मुलांना हे सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, "मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला पाऊस आधी अवकाळी होता आणि आता नाही?" मी म्हटलं, हो. पाऊस तोच असेल, पण त्याला जोखायचा काळ बदलला.

गेल्या दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत मुलांना एक वही ठेवायला सांगितली. पानावर दोन रकाने : डावीकडे हवा, उजवीकडे काळ. डावीकडे जे दिसलं ते लिहायचं : ऊन, मळभ, वावटळ, सर. उजवीकडे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून लिहायचं, की हे याच दिवसांतलं आहे का. २०२५ च्या मे महिन्यात पाऊस लागून राहिला आणि २६ तारखेला मोसमी पाऊस मुंबई-पुण्यात पोचल्याचं जाहीर झालं. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची नोंद त्याआधी नव्हती. जूनमध्ये शाळा उघडल्यावर वह्या तपासल्या. त्या दिवसाच्या डाव्या रकान्यात सगळ्यांचं सारखंच होतं : दिवसभर पाऊस. उजवीकडे कुणी वळीव लिहिलं होतं, कुणी अवकाळी, कुणी पावसाळा लिहून खोडलं होतं. एकाने तीन शब्द लिहिले होते आणि त्याखाली आजीचा अंगठा घेतला होता : रोहिणीतच मृग आला.