दशांशाची हकीकत

महोत्सवाची वर्गणी गोळा करीत असतां धर्मगुरूस एक प्रश्न हटकून ऐकावा लागतो: "फादर, मिळकतीचा कितवा हिस्सा देवाला द्यावा?" याचें उत्तर ख्रिस्ती लोकांनीं निरनिराळ्या काळीं निरनिराळें दिलेलें आहे, तो इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

जुन्या करारांत आकडा ठरलेला आहे. अब्राहामानें मेल्कीसदेकास दहावा हिस्सा दिला. पुढें मोशेच्या नियमशास्त्रानें धान्य, द्राक्षारस, तेल व गुरें यांचा दशांश इस्राएल लोकांस बंधनकारक केला. त्यांतील एक कलम वाचकांनीं ध्यानीं घ्यावें. दर तिसऱ्या वर्षीं हा दशांश गांवांतच सांठवावयाचा, आणि लेवी, उपरे, अनाथ व विधवा यांनीं तो पोटभर खावयाचा, असा नियम होता.

आरंभींच्या ख्रिस्तसभेंत मात्र आकडा आढळत नाहीं. संत जस्टिन यांनीं इ. स. १५० च्या सुमारास रविवारच्या उपासनेचें वर्णन लिहून ठेविलें आहे. सुस्थितींतील लोक आपल्या इच्छेस येईल तें देत. ती जमा अध्यक्षांकडे राही व तींतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परगांवचे पाहुणे यांस साह्य होई.

पुढें नियम आले. पोप जलासियस यांनीं ४९४ सालीं ख्रिस्तसभेच्या उत्पन्नाचे चार वांटे सांगितले: बिशपांचा, धर्मगुरूंचा, गरिबांचा व मंदिराच्या दुरुस्तीचा. ५८५ सालीं फ्रान्समधील माकों येथील धर्मसभेनें दशांश न देणारास बहिष्काराची शिक्षा ठरविली आणि ७७९ सालीं शार्लमान राजानें दशांशास राज्याच्या कायद्याचें बळ दिलें. दान होतें त्याची वसुली झाली. पुष्कळ ठिकाणीं दशांशाचा हक्क मठांकडे व सरदारांकडे गेला आणि गरिबांचा चौथा वांटा कागदावर राहिला. यांत आम्हां धर्मगुरूंचा दोष नाहीं असें म्हणवत नाहीं. ऑगस्ट १७८९ मध्यें फ्रान्सच्या राष्ट्रसभेनें दशांश रद्द केला, तेव्हां शेतकऱ्यांस दुःख झालें नाहीं.

आयर्लंडांतील कथा अधिक कटु आहे. तेथील कॅथलिक कुळांस सरकारमान्य प्रॉटेस्टंट ख्रिस्तसभेचा दशांश भरावा लागे. १८ डिसेंबर १८३४ रोजीं कॉर्क परगण्यांत राथकॉर्मक गांवाजवळ एका विधवेकडील ४० शिलिंगांच्या वसुलीसाठीं लष्कर गेलें. गोळीबार झाला व निदान १२ माणसें ठार झालीं. जो दशांश मोशेनें विधवेच्या अन्नासाठीं लावून दिला, तोच तिच्या दारीं बंदुका घेऊन आला! १८३८ च्या कायद्यानें तो बोजा चतुर्थांशानें कमी करून जमीनदारांवर टाकला. त्यांनीं तो खंडांतून काढून घेतला, ही गोष्ट निराळी.

जर्मनींत आजही सरकार ख्रिस्तसभेसाठीं कर गोळा करतें. तो प्राप्तिकराच्या शेंकडा ८ किंवा ९ असतो, मिळकतीच्या नव्हे. ऐकणाऱ्यांची येथें नेहमीं गफलत होते. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेंत मात्र आकडा नाहीं. ख्रिस्तसभेच्या गरजा भागवाव्या व स्वतःच्या मिळकतींतून गरिबांस साह्य करावें, एवढेंच कर्तव्य तींत सांगितलें आहे.

या महोत्सवाच्या जमेंतून चौथा वांटा गरिबांसाठीं वेगळा काढावा, अशी सूचना आम्हीं समितीपुढें ठेविली होती. मंदिराचें छप्पर गळत असल्यानें ती पुढील वर्षावर गेली. आम्हींही मान डोलावली.