तळटीप ७ : भाभा यांचे जिनिव्हातील भाकीत

७. ऑगस्ट १९५५मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या, अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांविषयीच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा होते. अणुसंमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याची पद्धत दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. ते का फळले नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे. या संमीलनाचे इंधन असलेल्या ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांची केंद्रके एकमेकांना दूर लोटतात. चुंबकीय भट्टीत ती जुळवायची तर सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअस तापमान लागते. इतका तप्त प्लाझ्मा (विद्युत्भारित वायू) चुंबकीय क्षेत्रात कोंडला, तरी अस्थिर होऊन निसटू पाहतो. ट्रिटियमचे अर्धायुष्य जेमतेम १२.३ वर्षे, निसर्गात ते नगण्यच. त्यामुळे भट्टीच्या आवरणातील लिथियमवर न्यूट्रॉन आदळवून ते जागीच तयार करावे लागेल. हेच वेगवान न्यूट्रॉन भिंतीचा धातू हळूहळू ठिसूळ करतात. डिसेंबर २०२२मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. हे यश ऐतिहासिक खरे. पण लेसर चालवायलाच सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती. फ्रान्समधील ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय संमीलन-प्रकल्पात भारत २००५पासून भागीदार असून त्याच्या अजस्र क्रायोस्टॅटचे (भट्टीभोवतीच्या निर्वात शीतकवचाचे) भाग गुजरातेत हजिरा येथे घडले. भाभांची मुदत उलटली म्हणून त्यांची दूरदृष्टी उणी ठरत नाही. या कामाला पिढ्यान्‌पिढ्यांची चिकाटी आणि अखंड निधी द्यायलाच हवा. — संपा.