ऊसतोड मुकादम पद्धती
ऊसतोड मुकादम पद्धती ही साखर कारखान्यांना गाळप हंगामापुरते तोडणी मजूर पुरविणारी महाराष्ट्रातील मध्यस्थ व्यवस्था आहे. नांदेड व लातूर हे जिल्हे या व्यवस्थेच्या दोन्ही बाजूंना आढळतात. बालाघाट डोंगररांगेच्या कोरडवाहू भागातून मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात; तर मांजरा (लातूर) आणि भाऊराव चव्हाण (नांदेड) यांसारख्या सहकारी कारखान्यांनाही आपल्या कार्यक्षेत्रातील उसासाठी तोडणी टोळ्या लागतात.

रचना
कारखाना सहसा मजुरांशी थेट करार करीत नाही. तोडणी व वाहतुकीचा करार वाहनमालक किंवा ठेकेदाराशी होतो, तो मुकादमाला रक्कम देतो आणि मुकादम गावातून वा तांड्यावरून टोळी जमवितो. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात व टोळीची मोजणी कोयत्यांवर होते. हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो.

उचल
हंगामापूर्वी मिळणाऱ्या आगाऊ रकमेस ‘उचल’ म्हणतात. ती तोडलेल्या उसाच्या टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून फेडली जाते. न फिटलेली बाकी पुढील हंगामावर चढते. टोळी न आल्यास किंवा मध्येच निघून गेल्यास वाहनमालकाचे पैसे बुडतात, तर मजुराला फेड होईपर्यंत काम सोडता येत नाही. गैरहजेरीबद्दल कापल्या जाणाऱ्या रकमेला ‘खाडा’ म्हणतात.

दर
तोडणीचे दर साखर संघ व कामगार संघटना यांच्यातील करारांनी ठरतात. जानेवारी २०२४ मधील तडजोडीत तोडणी दरात ३४ टक्के आणि मुकादमाच्या कमिशनमध्ये एक टक्का वाढ मान्य झाली. त्यामुळे टनामागील २७३ रुपयांचा दर ३६६ रुपयांवर गेला. तोडणी व वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसदरातून वजा होतो.

जबाबदारीचा प्रश्न
‘मालक कोण?’ हा या पद्धतीतील मूळ प्रश्न आहे. कंत्राटी कामगार कायदा, १९७० याने ठेकेदाराने मजुरी न दिल्यास ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली. प्रत्यक्षात मजुराचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसल्याने भविष्य निर्वाह निधी, अपघात भरपाई आणि प्रसूती लाभ यांसाठी दाद मागणे कठीण जाते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती.

शासकीय उपाय व यांत्रिकीकरण
लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यावेत व तितकीच रक्कम शासनाने घालावी, अशी तरतूद करण्यात आली. मजुरांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना सुरू झाली. अलीकडे मांजरासह अनेक कारखान्यांनी तोडणी यंत्रांवर भर दिला आहे. त्यामुळे मुकादमावरील अवलंबन घटते. मात्र कोरडवाहू गावांतील मजुरांपुढे पर्यायी रोजगाराचा प्रश्न उभा राहतो.