कपाटापासून तळहातापर्यंत : वृद्धाश्रमातील औषधनोंदीचा इतिहास

महाराष्ट्रातील वृद्धाश्रमांचा इतिहास आपण बहुधा देणगीदार, इमारती आणि शासननिर्णय यांच्या आधारे वाचतो. १९६३ साली अनुदानित वृद्धाश्रमांची योजना आली, १९९५ साली 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती; १ मे १९९९ रोजी ती वेगळी झाली. पुढे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम १९ ने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांना सामावणारा आश्रम असावा, अशी कल्पना मांडली. कलम २० मध्ये रुग्णालयातील खाटा आणि स्वतंत्र रांगा यांचा उल्लेख आहे. पण आश्रमात रात्री आठची गोळी कोणी दिली आणि ती खरोखर घेतली गेली का, हा प्रश्न त्या कलमांच्या कक्षेबाहेरच राहिला.

घरात हा प्रश्न सून, मुलगा किंवा नातवंड यांच्या लक्षात राहण्यावर सुटतो. आश्रमात पाळी बदलते, माणसे बदलतात. तिथे आठवणीचे काम कागदालाच करावे लागते.

या बाबतीत जुनी मिक्श्चरची बाटली आजच्या गोळीपेक्षा शहाणी होती. कंपाउंडर बाटलीवर डोसांच्या खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवीत असे. किती औषध उरले यावरून किती डोस गेले ते निरक्षर माणसालाही कळे. बाटली हीच नोंदवही होती. गोळ्यांच्या पाकिटाने ही सोय मोडली. चार गोळ्या कापून दिल्या की नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. मग आली वही : डावीकडे औषधाचे नाव, पुढे तारखांचे रकाने, रकान्यात सही. या वहीचा दोष खोटेपणाचा नव्हे, उशिराचा असतो. पाळी संपताना सगळ्या सह्या एका बैठकीत झाल्या, की वही काय घडले ते सांगत नाही; काय घडायला हवे होते तेवढेच सांगते.

हा दोष आपल्यापुरता नाही. १९९१ साली अमेरिकेत डॉ. मार्क बिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती मुळात शुश्रूषागृहांत राहणाऱ्यांसाठीच होती. डायझेपामसारखी दीर्घकाळ अंमल करणारी औषधे त्यात होती, कारण त्या गुंगीत वृद्ध माणूस पडतो. १९९२ साली कॅन्सस राज्यातील टोपिका येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील परिचारिका स्यू किनिक भाड्याची मोटार परत करीत होत्या. तिथल्या कर्मचाऱ्याने हातातल्या यंत्राने बारकोड वाचला. मोटारीचा हिशेब असा जागेवर होतो, तर रुग्णाच्या गोळीचा का नाही, या प्रश्नातून खाटेपाशी बारकोड वाचून औषध देण्याची पद्धत उभी राहिली. नोंद कचेरीतून खाटेपाशी आली, हा त्यातला खरा बदल. २००९ साली इंग्लंडमधील ५५ निवासी गृहांतील २५६ वृद्धांची पाहणी प्रसिद्ध झाली. सरासरी आठ औषधे घेणाऱ्या या वृद्धांपैकी १७८ जणांच्या बाबतीत, म्हणजे जवळजवळ ७० टक्के, औषधाची किमान एक चूक आढळली. कारणांत एक ठळक होते : संपूर्ण औषधव्यवस्थेला जबाबदार असा कोणीही एक माणूस नव्हता.

आपल्याकडे संगणक आला तो भांडारात. सी-डॅकची 'ई-औषधी' प्रणाली साठा, बॅच, मुदत आणि भांडारातून केंद्राकडे झालेली रवानगी पाहते. ते काम मोलाचे आहे. केंद्रात औषधच नसेल तर पुढची चर्चा व्यर्थ. पण तिच्या हिशेबी गोळी खिडकीतून दिली की संपली. वृद्धाच्या दृष्टीने तिची गोष्ट तिथे सुरू होते. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने १४ अंकी आरोग्य क्रमांकातून माणसाच्या नोंदी जोडण्याची वाट उघडली, पण आश्रमातील रात्री आठची नोंद त्या वाटेवर आपोआप येत नाही.

समजा, सेनगाव किंवा औंढा तालुक्यातील एका आजोबांना प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन मिळते. नांदेडचे डॉक्टर तेच औषध कंपनीच्या नावाने लिहून देतात. पाकिटे दोन, नावे दोन, औषध एकच. वहीत दोन ओळी होतात आणि आजोबा दुप्पट मात्रा घेऊन चक्कर येऊन पडतात. भांडाराच्या हिशेबात मात्र काहीच चुकलेले नसते. मूळ नावाने केलेली एकच यादी ज्या यंत्रात असेल, ते यंत्र ही जोडी तत्काळ पकडील.

म्हणून जिल्ह्यातील आश्रमाला लागणारी व्यवस्था फार मोठी नाही : प्रत्येकाची एकच यादी, औषधाचे मूळ नाव मराठी अक्षरांत, वीज किंवा नेटवर्क गेले तरी चालणारी नोंद, आणि वेळ टळली तर सूचना. गोळी गिळली की गालात धरून ठेवली, हे मात्र यंत्राला दिसत नाही. त्यासाठी पाण्याचा पेला हातात देऊन क्षणभर थांबणारे माणूसच लागते. ते माणूस कोण, हे आधी नावानिशी ठरवावे आणि यंत्र त्याच्या हाती द्यावे. नाहीतर उशिरा लिहिलेली जुनी वहीच आपण पडद्यावर उतरवू.