स्थाननिश्चिती, बिनतारी सेन्सर जाळ्यातील
बिनतारी सेन्सर जाळ्यातले प्रत्येक उपकरण नेमके कोठे आहे, हे ठरवण्याचे तंत्र. ओल, तापमान किंवा कंपन यांची नोंद कुठली हे कळले नाही, तर ती हाती असून नसल्यासारखीच. डोंगर सरकू लागल्याची सूचना आली, तरी कोणती वाडी रिकामी करायची ते तिच्यातून समजले पाहिजे.

प्रत्येक उपकरणात जीपीएस बसवल्यास खर्च वाढतो, बॅटरी लवकर संपते आणि घरात उपग्रहांचे संदेश नीट पोचत नाहीत. म्हणून मोजक्याच उपकरणांची जागा आधी पक्की करतात. हे आधारबिंदू. त्यांच्यापासूनचे अंतर किंवा कोन काढून बाकीच्यांची जागा ठरते. केवळ अंतरे मोजायची असतील तर सपाटीवर तीन आधारबिंदू लागतात, उंचीही हवी असल्यास चार.

यामागची भूमिती भूमापनातली. भूमापक विल्यम लॅम्टन यांनी 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणांची साखळी विणत नेली. त्यांची भिस्त कोनांवर होती. सेन्सर बहुधा अंतरावर विसंबतात.

संदेशाच्या क्षीणतेवरून अंतर काढणे सर्वांत स्वस्त, पण बेभरवशाचे. हुबळीच्या कमरीपेठेसारख्या दाट वस्तीत भिंती, पत्रे आणि गर्दी संदेश अडवतात. जवळचे उपकरण लांब भासते आणि चूक कित्येक मीटरवर जाते. वेळेवरून काढलेले अंतर अधिक विश्वासार्ह. मात्र रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंमी जाते, त्यामुळे घड्याळ 10 नॅनोसेकंद चुकले तरी 3 मीटरचा फरक पडतो. संदेश पाठवून उत्तर येईपर्यंतचा वेळ मोजला की दोन्ही घड्याळे जुळवावी लागत नाहीत. अतिरुंद पट्ट्याची (यूडब्ल्यूबी) उपकरणे याच रीतीने, मध्ये आडोसा नसेल तर, 10 सेंमीच्या आसपास अचूकता देतात. एमआयटीच्या ‘क्रिकेट’ प्रणालीने रेडिओसोबत श्राव्यातीत ध्वनी वापरला. ध्वनी मिलिसेकंदाला जेमतेम 34 सेंमी जात असल्याने तिथे साधे घड्याळही पुरते.

महागड्या रेडिओइतकेच महत्त्व आधारबिंदूंच्या मांडणीला आहे, आणि तिकडेच दुर्लक्ष होते. अरुंद गल्लीत ते सोयीसाठी एका ओळीत, खांबाखांबावर लावले जातात. मग अंतरे अचूक असूनही उपकरण ओळीच्या डावीकडे आहे की उजवीकडे, हे ठरत नाही. गल्लीत जाळे उभारताना निदान एक आधारबिंदू ओळीबाहेर, आडव्या बोळात बसवावा.