नागझिऱ्यात ऐकलेली गोष्ट

1993 साली नागझिरा अभयारण्यात मुक्कामाला आलेल्या एका मुलाला त्याच्या मित्राने नारायण धारपांची एक भयकथा सांगितली. मुलगा चौदा वर्षांचा होता आणि गोष्ट ऐकून तो पुरता हादरला. पुढे त्याने तीच कथा पुस्तकात वाचली, तेव्हा ती त्याला फार साधी वाटली. हा मुलगा म्हणजे राही बर्वे, ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमीदाबाईची कोठी’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचा मुलगा. 1997 च्या सुमारास, अठराव्या वर्षी, त्याने त्या भीतीवर पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. 12 ऑक्टोबर 2018 रोजी त्यातून झालेला ‘तुंबाड’ हा भयपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली होती.

भयपट करू पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी सगळ्यात आधी हे सांगते. एक तर नागझिरा आमचा, गोंदिया जिल्ह्यातला आहे. 1993 मध्ये तो भंडारा जिल्ह्यात मोजला जायचा, कारण गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला वेगळा झाला. दुसरं, पुस्तकातली कथा आणि जंगलात कानावर पडलेली कथा यांच्यात जो फरक पडला, भयपटाचं सगळं शिक्षण तिथेच आहे. कागदावर शब्द होते. नागझिऱ्यात त्यांना सांगणाऱ्याचा आवाज मिळाला, आणि आवाजाच्या मागे रान होतं.

ते रान कसं आहे, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिलं, किरण पुरंदरे तिथे वर्षाहून जास्त काळ राहिले आणि ‘सखा नागझिरा’ लिहिलं. अभयारण्य 1970 मध्ये जाहीर झालं, 2013 च्या डिसेंबरात ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं. तळ्याकाठच्या विश्रामगृहांत वर्षानुवर्षं वीज नव्हती. सूर्य मावळला की कंदील, आणि कंदिलाच्या पलीकडे काहीही दिसत नाही. अशा ठिकाणी कान डोळ्यांचं काम करायला लागतात. सांबराचा इशारा, रातव्याची टकटक, वाळल्या सागाच्या पानावर पडलेलं कुणाचं तरी पाऊल. उंदीरसुद्धा तिथे अस्वलाएवढा ऐकू येतो.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. आमच्याकडून वडसा जवळ, आणि वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची बाजारपेठ. दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडार आणि खडी गंमत हे लोककलेचे खेळ होतात, आणि नाटकं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. माझे बाबा काही हंगाम प्रॉम्प्टर होते. तालमी कमी, नाटकं लांब, त्यामुळे नटाला आधार प्रॉम्प्टरचाच. लहानपणी मी त्यांच्या शेजारी अंधारात बसायची. रंगमंचावरचा माणूस बोलण्याआधी त्याचं वाक्य मला बाबांच्या दबक्या आवाजात ऐकू यायचं. जे घडायचं आहे ते कुणीतरी न दिसणारा आधीच बोलून गेलाय, या जाणिवेने अंगावर काटा यायचा. चौकटीबाहेरचा आवाज हा भयपटाचा मोठा संकेत आहे असं मी पुढे नागपुरात शिकले, तेव्हा मला बाबांची प्रॉम्प्टिंगची वही आठवली.

भयपटाचे संकेत आमच्या मुलांना परके वाटतात, कारण त्यांनी ते मोबाइलवर, परदेशी जंगलातल्या परदेशी केबिनमध्ये पाहिलेले असतात. एकाने मला विचारलं, “मॅडम, आपल्याकडं असं घर कोठी हाय?” मी त्याला म्हटलं, घर राहू दे, आधी रचना बघ. एकाकी जागा. तिथे जाऊ नको असं सांगणारं कुणीतरी. मोडायचा नाही असा एक नियम, तो मोडायला लावणारा मोह, आणि मोजावी लागणारी किंमत. यातलं काय आपल्याकडे नाही? माझी आजी वाघाचं नाव संध्याकाळनंतर घेऊ द्यायची नाही. “नाव नोको घेऊ गा, आयकते तो.” एवढ्या एका वाक्यात नियमही आहे आणि न दिसणारा श्रोताही.

नवेगाव बांधची कथा तर मी दरवर्षी सांगते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. कोहळी समाज तलाव बांधण्यात वाकबगार. भंडारा-गोंदियाचे माजी मालगुजारी तलाव आजही धान पिकवतात. तलावाभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि या बहिणींच्या मदतीने बांध पुरा झाला अशी श्रद्धा आहे. कोलू पाटलांना लोकांनी देव केलं. कोलासूर देव म्हणून ते त्याच डोंगरांत आहेत. एवढं मोठं पाणी अडवायचं, डोंगराला हात लावायचा, तर डोंगराच्या मालकिणींना विचारायला हवं, ही जाणीव त्या श्रद्धेत मला दिसते. परकी शक्ती इथे माणसाच्या अंगावर येत नाही, ती कामाला हात लावते. भयपटाचा विद्यार्थी विचारू शकतो: आणि विचारलं नसतं तर? तिथून त्याची पटकथा सुरू होते.

हिंदी भयपट ज्यांच्या नावाने ओळखला गेला, ते रामसे बंधू एका अर्थाने विद्यार्थीच होते. 1970 च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या पडलेल्या चित्रपटात मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या प्रसंगाला लोक पुन्हा पुन्हा येत होते, हे त्या कुटुंबाने हेरलं. वडिलांनी मुलांना काश्मिरात हाउसबोटीवर नेलं, छायाचित्रणाचं पुस्तक समोर ठेवून शिकवलं, आणि 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ भावाभावांनी महाबळेश्वरात, थोड्या माणसांत उरकला. अमेरिकेत सॅम रेमीने मित्रांना घेऊन 1978 मध्ये आधी एक छोटी फिल्म केली आणि ती दाखवून ‘द इव्हिल डेड’साठी पैसे जमवले. त्याही आधी, 1942 च्या ‘कॅट पीपल’मध्ये पैसे नव्हते म्हणून काळा बिबट्या जवळजवळ दाखवलाच नाही: रस्त्यावरून चालणारी बाई, मागे पावलं, आणि अचानक फिस्कारत थांबलेली बस. ती बस आजही भयपटांत फिरते आहे. बिबट्या असलेल्या जिल्ह्यातल्या मुलांनी हा प्रसंग तरी बघायलाच हवा.

पण संकेत उचलताना एका ठिकाणी मी मुलांना थांबवते, आणि तिथे मी हट्टी आहे. ते ठिकाण म्हणजे म्हातारी. केस सोडलेली, गावाबाहेर राहणारी, डोळे वटारणारी म्हातारी हा भयपटातला सगळ्यात स्वस्त संकेत. आमच्या भागात म्हातारीला चेटकीण म्हणणं हा खेळ नाही. करणी केली असं म्हणून बायकांना मारहाण झालेली आहे, घर सोडून जावं लागलेलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं तो जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये, त्यांच्या खुनानंतर आला. कुणाला चेटकीण ठरवून छळणं त्यात गुन्हा आहे, आणि गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यंही गुन्हा आहेत. गावातल्या पडद्यावर, चादरीवर, ओळखीच्या बोळातली ओळखीची म्हातारी भूत म्हणून दाखवली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या दारावर कुणाची नजर कशी पडेल, याची जबाबदारी फिल्म करणाऱ्यावर आहे.

‘तुंबाड’ने हे कसं सोडवलं, ते मी मुलांबरोबर दृश्य थांबवून थांबवून बघते. तिथेही म्हातारी आहे. धारपांची ‘आजी’ ही कथा तिच्यामागे आहे, आणि त्या कथेमागे स्टीफन किंगची एक आजी. साखळीने बांधलेली, उठली की पोराला खाऊ पाहणारी, हस्तर या हावरट देवाचं नाव घेतलं की झोपणारी. पहिल्यांदा आपण तिला घाबरतो. मग तोच पोरगा, विनायक, मोठा होऊन तुंबाडला परततो, तेव्हा तिच्या अंगातून झाड उगवलेलं असतं आणि तिला मरता येत नसतं. तेव्हा कळतं की ही हस्तरच्या खजिन्याला हात लावलेली, हावेने शापित झालेली बाई आहे. आणि विनायक सगळं बघूनही तिच्याकडून खजिन्याचा रस्ता विचारून घेतो. भीती म्हातारीवरून सरकून विनायकवर येते. मुलांना आश्चर्य वाटतं ते आणखी एका गोष्टीचं: त्या म्हातारीच्या मेकअपखाली मोहम्मद समद हा मुलगा आहे, विनायकच्या मुलाचं काम करणाराही तोच.

हस्तरचे नियमही तसेच. पिठाचं रिंगण, पिठाची बाहुली, हस्तरच्या लंगोटातल्या मोहरा, आणि त्या काढून पळण्यापुरता वेळ. नियम इतके थोडे की पोरालाही पाठ होतात, आणि म्हणूनच विनायकचा पोरगा नियमात सुधारणा सुचवतो तेव्हा पोटात गोळा येतो. एका बाहुलीऐवजी पुष्कळ बाहुल्या. पुढे काय होतं ते इथे सांगत नाही. पण 2012 मध्ये सुरू झालेलं चित्रीकरण मनासारखं उतरलं नाही म्हणून पुन्हा लिहून, पुन्हा चित्रित करून 2015 पर्यंत चाललं, हे मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण त्यांना सगळं एका रविवारी संपवायचं असतं.

आमच्याकडे जो खजिना आहे तो जमिनीखाली नाही. मोहफुलं आहेत, तेंदूपत्ता आहे, तलावांतलं पाणी आहे, रेती आहे. मोहफूल वेचायला पहाटे रानात गेलेल्या बाईवर जनावर येतं, ही बातमी इथे दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातून येऊ शकते. एका गटाने त्यावर फिल्म करायचं ठरवलं होतं, वाघ म्हणजे राक्षस असं धरून. मी त्यांना नको म्हटलं. ज्या घरात ते घडलंय त्या घरातली माणसं पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्याच गटाने मग तलावाची गोष्ट लिहिली. एक माणूस बांधाच्या पोटातली माती रात्री चोरून नेतो. बांध त्याला काही करत नाही. फक्त रोज रात्री त्याच्या घरात पाणी झिरपल्याचा आवाज वाढत जातो, आणि घरातलं दुसरं कुणी तो ऐकत नाही. त्यांच्याकडे दोन मोबाइल आहेत, एक कॉलर माइक आणि भाड्याचा एलईडी. एवढ्यावर ही गोष्ट होते, कारण तिचं भूत ध्वनीत आहे. मुलीच जास्त आहेत गटात, आणि त्यांच्यातल्या एकीने आजीचं पात्र लिहिलं, जिला तो आवाज ऐकू येत नाही पण ती रोज सकाळी कोरडी भिंत हाताने चाचपून बघते. ती काही बोलत नाही. सुनेला वाटतं, सासूबाईंचं वय झालं. प्रेक्षकाला वाटायला लागतं की घरात तिलाच काय ते ठाऊक आहे.

सध्या वाद चालू आहे तो शेवटाचा. एक बाजू म्हणते पाणी दिसलं पाहिजे, नाहीतर लोक पैसे परत मागतील. दुसरी म्हणते अजिबात दाखवायचं नाही. मी मधला मार्ग काढलेला नाही. दोन्ही शेवट चित्रित करा आणि आधी गावातल्या माणसांना दाखवा, एवढंच सांगितलं. चित्रीकरण दिवाळीच्या आधी धरलंय. मंडई सुरू झाली की तीन-चार गावांवरून नाटकाचे भोंगे रात्रभर ऐकू येतात, आणि मग पाण्याचा स्वच्छ आवाज मिळत नाही.