अक्षयनीवि : कल्याणच्या सोनारापासून आजच्या उपासकापर्यंत

लेण्यांतील शिलालेखांचा विचार करताना आपले लक्ष सहसा राजे, महारठी आणि धनाढ्य श्रेष्ठी यांच्या दानाकडे जाते. परंतु कान्हेरीच्या लेखांत 'कलियण', म्हणजेच आजच्या कल्याणचे जे दाते भेटतात, त्यांत हाताने काम करणारी माणसेही आहेत. सामिदत नावाच्या सुवर्णकाराने तेथे पाण्याची टाकी खोदून दिली. कल्याणच्याच एका लोहाराच्या दानाचा लेख तेथे आहे. कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या टाकीची नोंद दूर जुन्नरलाही सापडते. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तान्तात कल्याण हे व्यापारी बंदर म्हणून नमूद आहे. व्यापाऱ्यांनी दान दिले, यात आश्चर्य नाही. पण भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या माणसापाशी, स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजा भागवून कातळात टाकी खोदवून देण्याइतकी शिल्लक उरत होती, ही बाब विचार करण्यासारखी आहे.

ही शिल्लक कशी निर्माण होते, याचे उत्तर भगवान बुद्धांनी गृहस्थांना केलेल्या उपदेशात आहे. अंगुत्तर निकायातील व्यग्घपज्ज सुत्तात दीघजाणू हा कोलिय गृहस्थ भगवंतांना विचारतो की, आम्ही मुलाबाळांत राहणारी, चंदन व माळा वापरणारी, सोन्यारुप्याचा व्यवहार करणारी माणसे. आमच्या हिताचा धम्म कोणता? भगवंत त्याला संसार सोडण्यास सांगत नाहीत. ते चार गोष्टी सांगतात : उद्योगातील दक्षता, मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे आपली प्राप्ती आणि आपला व्यय जाणून समतोल राखणे. तराजू धरणाऱ्यास पारडे किती झुकले हे जसे कळते, तसे गृहस्थास कळले पाहिजे. थोडी प्राप्ती असून डामडौलाने राहणारा माणूस उंबराचे झाड हलवून सारी फळे पाडणाऱ्यासारखा आहे, आणि मोठी प्राप्ती असून कंगालासारखा जगणाराही तितकाच दोषी आहे, असे तेथे म्हटले आहे. सिगालोवाद सुत्तात तर प्राप्तीचे चार वाटे सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि एक आपत्काळासाठी. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या चार सुखांत 'अनणसुख', म्हणजे कोणाचेही ऋण नसण्याचे सुख, स्वतंत्रपणे मोजले आहे.

शिलकीचा विनियोग कसा होत असे, हे नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातील उषवदाताच्या लेखावरून स्पष्ट होते. क्षहरात नहपानाच्या या जावयाने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची 'अक्षयनीवि' दिली. नीवि म्हणजे मूळ भांडवल. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली : २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ दराने व १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट होती. हिशेब पाहावा. २,००० कार्षापणांवर वर्षाला २४० कार्षापण व्याज होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते; त्याची बेरीजही २४० होते. गरज आधी निश्चित केली, ती मर्यादित ठेवली आणि तेवढेच भांडवल उभे केले. गरज अमर्याद असती, तर कोणतीही नीवि अक्षय राहिली नसती. आर्थिक स्वावलंबनाचे रहस्य या एका हिशेबात आहे.

येथे एक शंका उपस्थित होईल. ज्यांच्या पूर्वजांवर शतकानुशतके दारिद्र्य लादले गेले, त्यांना साधे राहा असे सांगणे म्हणजे त्यांच्या जखमेवर मीठ चोळणे नव्हे काय? या शंकेचे निरसन बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच करून ठेवले आहे. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या सांगितल्या. धर्माने दारिद्र्याचे उदात्तीकरण करता कामा नये, ही त्यांतील एक होय. लादलेले दारिद्र्य आणि विचारपूर्वक स्वीकारलेला साधेपणा यांत मूलभूत भेद आहे. पहिल्यात माणूस दुसऱ्याच्या हातात असतो. दुसऱ्यात तो आपल्या हातात येतो.

वतनाचा इतिहास हेच सांगतो. महारकीच्या वतनात जमीन होती, बलुते होते, म्हणजे वरवर पाहता कायमची प्राप्ती होती. पण तिच्या मोबदल्यात रात्रंदिवस गावकीची वेठ करावी लागे. अक्षयनीवित भांडवल शाबूत राहते आणि फळ भोगता येते. वतनात माणूसच खर्ची पडत होता. म्हणून १९२७च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि शिळ्या तुकड्यांची आशा सोडण्यास सांगितले, आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. अखेर कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणाऱ्या १९५८च्या कायद्याने ती बेडी तुटली. सुरक्षित गुलामीपेक्षा अनिश्चित स्वातंत्र्य पत्करण्याचा हा निर्णय होता.

ते स्वातंत्र्य शोधत असंख्य कुटुंबे गाव सोडून शहराकडे आली. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आलेल्या आगगाडीने गावकीबाहेरच्या रोख मजुरीचा मार्ग आधीच मोकळा केला होता. गोदी, गिरणी, रेल्वे, अंबरनाथचा दारूगोळा कारखाना आणि १९६२ नंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती यांतून पगार मिळू लागला. परंतु पगार म्हणजे नीवि नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने आणि २००९ साली मोहने येथील एन.आर.सी. कारखाना बंद पडल्याने हा धडा या पट्ट्यातील कामगारांना शिकविला. ज्या दिवशी भोंगा थांबतो, त्या दिवशी घरात किती महिन्यांची शिल्लक आहे, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर नसेल, तर माणूस पुन्हा सावकाराच्या दारात उभा राहतो.

आज सावकाराचे रूप बदलले आहे. कल्याण-डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या तरुणाला मोबाइल, मोटारसायकल, लग्नाचा हॉल, सहल, सारे काही हप्त्यांवर मिळते. क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली, तर अनेक बँका दरमहा शेकडा साडेतीनच्या आसपास व्याज आकारतात. म्हणजे वर्षाला शेकडा ४२. गोवर्धनच्या विणकर श्रेणी दरमहा शेकडा एक देत होत्या. प्राचीन उपासक व्याज घेणारा होता, आजचा उपासक व्याज भरणारा झाला आहे. नोकरी नकोशी झाली तरी सोडता येत नाही, अन्याय दिसला तरी बोलता येत नाही, कारण पुढचा हप्ता उभा असतो. हे नवे वतन नव्हे, तर काय?

यातून सुटण्यासाठी अलौकिक काही करावयाचे नाही. घरातील जमाखर्च पती-पत्नींनी एकत्र बसून लिहावा. लग्न, बारसे, वाढदिवस यांवरील खर्चाला शेजाऱ्याच्या मापाने नव्हे, आपल्या मापाने मर्यादा घालावी. पगार हाती पडताच चौथा वाटा न जमला, तरी दहावा बाजूला काढावा. आधी कर्ज फेडावे, मग सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक उभी करावी, आणि त्यानंतर जमणाऱ्या रकमेला आपली नीवि मानून तिच्या मुद्दलाला हात लावू नये. हे काम मंद गतीने होते. वीस-पंचवीस वर्षे लागतात. म्हणूनच कल्याणमित्र हवेत. आपल्या वस्त्यांतील भगिनींच्या भिशी व बचत गट, कामगारांच्या पतपेढ्या ही त्या प्राचीन श्रेणींचीच धाकटी भावंडे होत. त्यांचे हिशेब चोख राहिले पाहिजेत.

धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्राप्तीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले. विसावा भाग तोच देऊ शकतो, ज्याचे उरलेले एकोणीस भाग कर्जात बुडालेले नाहीत. कल्याणचा तो सोनार राजा नव्हता, श्रेष्ठी नव्हता. तरीही त्याने दिलेल्या टाकीमुळे त्याचे नाव आणि त्याचा गाव कातळावर राहिला. ऋणमुक्त उपासक हा संघाचा आणि चळवळीचाही खरा आधार होय. कारण ज्याची मान कोणाच्या हप्त्याखाली वाकलेली नाही, तोच ताठ मानेने दान देऊ शकतो आणि ताठ मानेने नकारही देऊ शकतो.